दोन गटांच्या मेंदू-स्कॅनची तुलना: कोव्हेरिएट घालताना डिझाइन मॅट्रिक्स कशी मांडावी

स्कॅन झाले, प्रीप्रोसेसिंग झालं, आता "वय धरून दोन गटांत फरक आहे का" एवढंच बघायचं उरलं, असं वाटतं आणि नेमकं तिथेच प्रबंध घसरतो. चुकीच्या डिझाइनवरही सॉफ्टवेअर निमूटपणे रंगीत नकाशा काढून देतं. त्यामुळे चूक कळते ती परीक्षक किंवा रिव्ह्यूअर विचारतो तेव्हा.

पुढच्या पायऱ्या एफएसएल, फ्रीसर्फर आणि एसपीएम या मेंदू-स्कॅन विश्लेषणाच्या तिन्ही सॉफ्टवेअरना लागू आहेत, कारण तिन्हींच्या पोटात जनरल लिनिअर मॉडेलच आहे: प्रत्येकाचं मोजमाप गट, वय अशा रकान्यांच्या बेरजेने मांडायचं. हे रकाने, दर माणसाला एक ओळ, म्हणजेच डिझाइन मॅट्रिक्स. गटाखेरीज हिशेबात धरायची वय-लिंगासारखी गोष्ट म्हणजे कोव्हेरिएट. उदाहरण एकच ठेवलं आहे: लातूर आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातले २४ टाइप २ मधुमेही आणि २४ मधुमेह नसलेले, मोजायची गोष्ट कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, जाडी. मधुमेहींचं सरासरी वय ५८, दुसऱ्या गटाचं ५०, सगळ्यांचं मिळून ५४. हे आकडे समजावण्यापुरते रचलेले आहेत.

१. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

कागदावर लिहा, सॉफ्टवेअर उघडण्याच्या आधी. या तीन वाक्यांकडे बघा:

अ) वय, लिंग आणि स्कॅनर सारखे धरले तर मधुमेहींची जाडी कमी आहे का?
आ) वयाबरोबर जाडी घटण्याचा वेग मधुमेहींत जास्त आहे का?
इ) मधुमेहींमध्ये आजाराची वर्षं वाढतील तशी जाडी कमी होते का?

ऐकायला तिन्ही एकसारखे वाटतात, पण प्रत्येकाची मॅट्रिक्स वेगळी आहे. "मधुमेहाचा मेंदूवर परिणाम अभ्यासणे" असं सिनॉप्सिसमध्ये लिहून मोकळं झालं की पुढे कोणता कॉन्ट्रास्ट (मॉडेलला विचारलेली तुलना) कशासाठी होता, हे कुणालाच सांगता येत नाही.

२. कोव्हेरिएट निवडा, निकाल बघण्याआधी

वय आणि लिंग जवळजवळ नेहमी घ्यावे लागतात. शिक्षणाची वर्षं दोन्ही गटांत वेगळी असतील तर तीही. ग्रे मॅटरचं आकारमान किंवा हिप्पोकॅम्पसचं व्हॉल्यूम मोजत असाल तर कवटीच्या आतलं एकूण आकारमान घ्यावंच लागतं. जाडीचा डोक्याच्या आकाराशी संबंध क्षीण असल्याने तिथे ते सहसा घेत नाहीत. फंक्शनल स्कॅन असेल तर डोकं किती हललं याची प्रत्येकाची सरासरी घ्या. स्ट्रक्चरल स्कॅनमध्येही हालचालीमुळे जाडी खोटी कमी दिसते, म्हणून आजारी गट जास्त हलला असेल तर तो फरक तुमच्या निकालात आजार म्हणून घुसतो.

काय घेऊ नये, हे जास्त महत्त्वाचं. एचबीए१सी (सरासरी रक्तशर्करेची चाचणी) हा मधुमेहाचाच मापक आहे. तो कोव्हेरिएट म्हणून घातला की जो परिणाम शोधायचा तोच आपण वजा करतो. स्मृतिचाचणीचे गुण हे मेंदूतल्या बदलाचा परिणाम असू शकतात. तेही या प्रश्नात नकोत. कसोटी साधी: ही गोष्ट आजारातून निर्माण होते का? होत असेल तर तिला बाहेर ठेवा.

सावध: कोव्हेरिएट घातल्याने असमान गट समान होत नाहीत. मधुमेही ६० ते ७५ वयाचे आणि निरोगी ३० ते ४५ चे असतील, तर मॉडेल सरळ रेषा ताणून अंदाज बांधतं आणि तो अंदाज तपासायला एकही माणूस नसतो. दोन्ही गटांची वयं एका आलेखावर ठिपक्यांनी काढा. ठिपके एकमेकांत मिसळत नसतील तर इथेच थांबा आणि आणखी माणसं मिळवा.

३. वय खरं आहे का, ते बघा

हा भाग बहुतेक मार्गदर्शकांत नसतो, पण आपल्याकडे लागतो. पन्नाशीपुढच्या नोंदी तारखेनुसार लावून पाहा. १ जूनच्या जन्मतारखांचा ढीग दिसेल, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. काही ठिकाणी १ जानेवारी. तारीख चुकली तर काही महिन्यांचा प्रश्न. पण वर्षही अंदाजानेच टाकलेलं असतं आणि त्यात चार-पाच वर्षांचा फरक सहज निघतो.

कोव्हेरिएटमध्ये अशी चूक असली की वयाचा उतार खऱ्यापेक्षा सपाट येतो. म्हणजे वयाचा परिणाम अर्धवटच वजा होतो आणि उरलेला गटाच्या नावावर जमा होतो. मधुमेही गट वयाने मोठा असेल तर ही चूक नेमकी तुमच्या बाजूने पडते, म्हणून ती कुणी शोधत नाही.

विचारताना ठळक घटनांचा आधार घ्या. "बहात्तरच्या दुष्काळात शाळेत जात होतात का?" "किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का, लेकरू केवढं होतं?" भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, त्यामुळे मुलाच्या वयावरून पालकांचं वय बऱ्यापैकी आवळता येतं. वय कसं ठरवलं यासाठी तक्त्यात वेगळा रकाना ठेवा: दाखला, आधार, की घटनेवरून. शेवटी फक्त दाखल्याची खात्री असलेल्यांवर विश्लेषण पुन्हा चालवून निकाल टिकतो का, ते बघता येतं.

शिक्षणासाठी "चौथी पास", "सातवी नापास" असं न लिहिता पूर्ण केलेली वर्षं आकड्यात लिहा. कधीच शाळेत न गेलेल्याला शून्य. माहिती नसलेल्याला शून्य नव्हे. ती जागा रिकामी ठेवा आणि त्या माणसाचं काय करायचं ते ठरवा.

४. तक्ता आणि फायलींचा क्रम

मॅट्रिक्सची पहिली ओळ पहिल्या स्कॅनची, दुसरी दुसऱ्याची. सॉफ्टवेअर नावं जुळवत नाही, क्रम जुळवतं. एफएसएलच्या टीबीएसएसमध्ये (मेंदूतल्या तंतूंच्या विश्लेषणात) सगळ्या प्रतिमा नावाच्या अकारविल्हे क्रमाने एका चौमितीय फाइलमध्ये जातात. नावं १, २, ३ अशी असतील तर क्रम १, १०, ११, … १९, २, २० असा लागतो. एक्सेलमध्ये मात्र १, २, ३ असतो. झालं, दुसऱ्या ओळीपासून प्रत्येकाचं वय दुसऱ्याच्या मेंदूला चिकटलं. म्हणून सुरुवातीपासून ००१, ००२ अशी तीन अंकी नावं द्या.

तक्ता भरताना या गोष्टी हमखास घडतात:

- एक्सेलमध्ये एकच रकाना निवडून सॉर्ट केला, बाकीचे जागेवरच राहिले.
- वय मराठी कीबोर्डने देवनागरी अंकांत भरलं. स्क्रीनवर ५४ छान दिसतं, पण सॉफ्टवेअरला तो आकडा म्हणून कळेलच असं नाही. इंग्रजी अंकच वापरा.
- माहिती नाही म्हणून ९९९ लिहिलं आणि काढायचं राहिलं. मग एकाच माणसामुळे वयाचा अख्खा उतार फिरतो.
- विंडोजवर बनवलेली मजकूर फाइल लिनक्सवर नेली. ओळीच्या शेवटी एक अदृश्य खूण राहते आणि फ्रीसर्फरची गट-फाइल वाचताना गोंधळ होतो. युनिक्स पद्धतीच्या ओळींत बदलून घ्या.

तपासा: एकत्र केलेल्या फाइलमधल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या प्रतिमेची मूळ फाइलशी तुलना करा. व्हॉक्सेलचे (प्रतिमेतल्या छोट्या घनांचे) आकडे जुळले पाहिजेत. नुसतं डोळ्यांनी "सारखंच दिसतंय" म्हणणं पुरेसं नाही.

५. स्कॅनर गटात मिसळलाय का

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं साधारण दसऱ्यानंतर गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तुलनेचा गट त्यांच्यातून घेतला, तर त्यांचे सगळे स्कॅन एप्रिल-मेमध्ये पडतील. मधुमेही मात्र ओपीडीतून वर्षभर येतात, त्यांचे दिवाळीतच उरकलेले असतील. दरम्यान एमआरआयचं सॉफ्टवेअर अपग्रेड झालं किंवा हेड कॉइल (डोक्याभोवतीचा संकेत पकडणारा भाग) बदलली, तर गट आणि मशीन एकच गोष्ट होऊन बसते. एक गट १.५ टेस्लाच्या चुंबकावर आणि दुसरा ३ टेस्लाच्या, हा याचाच जास्त ठसठशीत प्रकार.

गट आणि स्कॅनर यांचा दोन-बाय-दोन तक्ता करा. चारही खणांत पुरेशी माणसं हवीत. असतील तर स्कॅनरचा एक रकाना घाला. तीन स्कॅनर असतील तर दोन रकाने; एकाच रकान्यात १, २, ३ लिहिलं तर मॉडेल समजतं की पहिल्यापासून तिसरं मशीन दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट लांब आहे. कॉम्बॅट (मशीनमुळे आलेला फरक काढून टाकणारी पद्धत) वापरणार असाल तर गट आणि वय त्यात जपायच्या गोष्टी म्हणून द्या, नाहीतर मशीनबरोबर आजाराचा परिणामही पुसला जाईल. एखादा खण पूर्ण रिकामा असेल तर कॉम्बॅटही फारसं वाचवत नाही.

६. सरासरी वजा करणं, म्हणजे डीमीन

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबू.

समजा मधुमेहींची सरासरी जाडी २.४० मिमी, दुसऱ्या गटाची २.४६ मिमी, आणि दोन्ही गटांत वयाच्या प्रत्येक वर्षामागे ०.००५ मिमी घट. कच्चा फरक ०.०६. पण मधुमेही ८ वर्षांनी मोठे आहेत, त्यातून ०.०४ चा फरक निव्वळ वयाचा. वय सारखं धरलं तर उरतो ०.०२.

आता वयाच्या रकान्यातून सगळ्यांची सरासरी ५४ वजा केली, तर गटातला फरक ०.०२ येतो. बरोबर. काहीच वजा केलं नाही तरी या मॉडेलमध्ये, म्हणजे दोन्ही गटांना एकच उतार असताना, फरक ०.०२ च येतो. पण मधुमेहींच्या वयातून ५८ आणि दुसऱ्यांच्या वयातून ५० वजा केले, तर फरक ०.०६ येतो. म्हणजे वय रकान्यात आहे, लेखात "वयासाठी दुरुस्त केलं" असं छापलं आहे, आणि दुरुस्ती शून्य झाली आहे.

नियम: गटांची तुलना करताना सगळ्या ४८ जणांची मिळून सरासरी वजा करा. गटागटाची वेगळी नको.

दोन्ही गटांना वेगवेगळे उतार दिले की डीमीन ऐच्छिक राहत नाही. मधुमेहींत घट वर्षाला ०.००६ आणि दुसऱ्यांत ०.००४ मानू. ५४ व्या वर्षी मधुमेहींची जाडी २.४२४ आणि दुसऱ्यांची २.४४४, मधुमेही ०.०२ ने पातळ. वय डीमीन केलं नसेल, तर तोच कॉन्ट्रास्ट वय शून्य असतानाचा फरक सांगतो: २.७४८ विरुद्ध २.६६. मधुमेही ०.०८८ ने जाड! नकाशाचा रंगच उलटा होतो. नवजात बाळांच्या कॉर्टेक्सबद्दल आपण काही विचारलेलंच नव्हतं.

अपवाद एकच लक्षात ठेवा: आजाराची वर्षं. ती फक्त मधुमेहींना आहेत. तिथे मधुमेहींच्या आकड्यांतून मधुमेहींचीच सरासरी वजा करा आणि बाकीच्यांना शून्य द्या. कच्चे आकडे घालून बाकीच्यांना शून्य दिलं, तर गटांचा कॉन्ट्रास्ट "आजार आजच सुरू झालेला मधुमेही विरुद्ध निरोगी" असा होतो.

७. मॅट्रिक्स आणि कॉन्ट्रास्ट

प्रश्न अ साठी रकाने या क्रमाने: मधुमेही, निरोगी, वय, लिंग, स्कॅनर. पहिल्या दोनांत १ किंवा ०, पुढचे तिन्ही डीमीन केलेले. ६२ वर्षांचा मधुमेही पुरुष आणि ४७ वर्षांची निरोगी बाई यांच्या ओळी अशा दिसतील (पुरुष ०.५, बाई −०.५, दोन्ही लिंगं आणि दोन्ही मशीन निम्मे-निम्मे धरून):

१  ०   ८   ०.५   ०.५
०  १  −७  −०.५  −०.५

कॉन्ट्रास्ट:
मधुमेही जास्त: १ −१ ० ० ०
मधुमेही कमी: −१ १ ० ० ०
वयाबरोबर घट: ० ० −१ ० ०

प्रश्न आ साठी वयाचे दोन रकाने करा, मधुमेहींचं वय आणि निरोग्यांचं वय. दुसऱ्या गटाच्या जागी शून्य. आधी सगळ्यांमधून ५४ वजा करा, मग रकाने वेगळे करा. उलट क्रमाने केलं तर शून्यांतूनही काहीतरी वजा होऊन बसतं. उतारांचा फरक: ० ० १ −१ ० ०, आणि उलट दिशेने ० ० −१ १ ० ०.

उतार खरोखर वेगळे निघाले, तर गटातला फरक वयागणिक बदलतो. मग "मधुमेहींत जाडी कमी" असं एकच वाक्य लिहिता येत नाही; कोणत्या वयाला, ते सांगावं लागतं.

तपासा: मॅट्रिक्सची रँक (एकमेकांपासून स्वतंत्र रकान्यांची संख्या) रकान्यांइतकी हवी. दोन्ही गटांचे रकाने असताना वर सगळ्यांना १ असलेला तिसरा रकाना घातला की रँक एकाने कमी पडते. आर, पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये हे एका ओळीत कळतं. आपल्या मॅट्रिक्समध्ये ५ रकाने, म्हणून उरलेले डिग्रीज ऑफ फ्रीडम ४८ − ५ = ४३. लॉगमध्ये हाच आकडा दिसला पाहिजे.

८. सॉफ्टवेअरनुसार खाचखळगे

एफएसएल. जीएलएमच्या खिडकीत आधी टाइमसीरीजऐवजी हायर-लेव्हल डिझाइन निवडा. "ग्रुप" नावाचा रकाना फसवा आहे: तिथे मधुमेहींना १ आणि निरोग्यांना २ लिहायचं नसतं. सगळ्यांना १ च राहू द्या. फीटमध्ये (एफएसएलच्या फंक्शनल स्कॅनच्या साधनात) तो रकाना व्हेरिअन्सचे गट ठरवतो. रँडमाइज हे एफएसएलचं परम्युटेशनचं साधन, म्हणजे ओळींची पुन्हापुन्हा अदलाबदल करून निकाल योगायोगाचा आहे का ते बघणारं; त्याला तो रकाना अदलाबदलीचे ब्लॉक म्हणून दिला, तर अदलाबदल गटाच्या आतच होते आणि दोन गटांची तुलनाच मरते. ब्लॉक वापरायचे असतील तर ते स्कॅनरचे. रँडमाइजमधला डेटा डीमीन करण्याचा कॅपिटल डी पर्याय, गटांचे रकाने मॉडेलमध्ये असताना, लावू नका. टीबीएसएससाठी टीएफसीईचा (शेजारच्या व्हॉक्सेलचा आधार धरून संकेत ठळक करणाऱ्या पद्धतीचा) द्विमितीय प्रकार, म्हणजे टी-टू, निवडा.

फ्रीसर्फर. डॉड्स म्हणजे प्रत्येक वर्गाला वेगळा उतार, डॉस म्हणजे एकच उतार. प्रश्न अ साठी डॉस, प्रश्न आ साठी डॉड्स. लिंग इथे आकड्याच्या रकान्यात न टाकता वर्गात जातं: मधुमेही पुरुष, मधुमेही बाई, निरोगी पुरुष, निरोगी बाई, असे चार वर्ग. डॉड्समध्ये चार वर्ग आणि वय म्हटलं की आठ रकाने. गटाचा फरक ०.५ ०.५ −०.५ −०.५ ० ० ० ०. रकान्यांचा क्रम फाइलमधल्या वर्गांच्या क्रमावर ठरतो, मनातल्या क्रमावर नाही. वय स्वतः डीमीन करून भरा.

एसपीएम. दोन नमुन्यांच्या टी-टेस्टमध्ये कोव्हेरिएट घालताना इंटरॅक्शन "नन" आणि सेंटरिंग "ओव्हरऑल मीन" ठेवा. "फॅक्टर १ मीन" निवडलं की सहाव्या पायरीतली ०.०६ ची चूक एका क्लिकवर तयार. व्हीबीएमसाठी (ग्रे मॅटरच्या व्हॉक्सेलनिहाय तुलनेसाठी) अॅब्सोल्यूट मास्किंग ०.१ ठेवलं तर कडेचे गोंगाटी व्हॉक्सेल गळतात.

९. चालवा आणि आकडे नीट वाचा

परम्युटेशन ५००० घ्या. पी ०.०५ असताना त्याची अनिश्चितता ५००० ला साधारण ±०.००६ असते, १००० ला ±०.०१४. चाचणी म्हणून आधी १०० वर चालवून फाइल्स तयार होतात का ते बघा, मग रात्रभर लावा. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात यूपीएसशिवाय नको.

रँडमाइजच्या दुरुस्त नकाशात १ वजा पी असतं, म्हणून ०.९५ च्या वरचं बघायचं. ०.०३ दिसल्यावर आनंद करू नका. दोन्ही दिशांचे कॉन्ट्रास्ट बघत असाल तर प्रत्येकाला ०.९७५ ची अट लावा. फ्रीसर्फरच्या नकाशात पीचा ऋण लॉग असतो: १.३ म्हणजे ०.०५, २ म्हणजे ०.०१, ३ म्हणजे ०.००१, आणि चिन्ह दिशा सांगतं. क्लस्टर (लागून असलेल्या बिंदूंचा पुंजका) बनवण्याची मर्यादा ०.००१ ठेवा, ०.०१ किंवा ०.०५ ला खोटे क्लस्टर भरपूर निघू शकतात. शक्य तिथे परम्युटेशनच वापरा.

१०. एका बिंदूवर हिशेब जुळवा

नकाशातला सगळ्यांत मोठ्या टीचा (फरक भागिले त्याची अनिश्चितता) बिंदू निवडा. तिथल्या ४८ किमती एकत्रित फाइलमधून काढा, तक्त्यात चिकटवा, आणि आर किंवा जामोव्हीमध्ये तेच मॉडेल चालवा. एफएसएल आणि फ्रीसर्फरमध्ये कच्चा टी दशांशापर्यंत जुळायला हवा. एसपीएममध्ये असमान व्हेरिअन्स निवडलेला असेल तर किंचित फरक पडतो. समान करून पुन्हा बघा. मग त्याच किमती वयासमोर, दोन रंगांत, आलेखावर काढा. एकट्या-दुकट्या ठिपक्याने रेषा ओढली असेल तर ती इथे उघडी पडते.

टी जुळला नाही तर या क्रमाने शोधा: ओळींचा क्रम, मग कोव्हेरिएटमधला ९९९ किंवा रिकामी जागा, मग डीमीन, मग कॉन्ट्रास्टचा रकाना-क्रम. फक्त चिन्ह उलटं आलं तर वर्गांचा क्रम उलटा आहे. आकडा बऱ्यापैकी जवळ पण वेगळा आला, तर तुम्ही काढलेला बिंदू स्मूदिंगच्या (शेजारच्या बिंदूंशी सरासरी काढण्याच्या) आधीच्या फाइलमधला असण्याची शक्यता जास्त.